नारळीकरांचे गुरू, बीबीसीचा स्टुडिओ आणि एक निळी पेटी

(अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

२० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. तेव्हा आमचे पेपर सुरू होते. बातमी मेसमध्ये कळली. ताट तसंच ठेवून कुणी उठून गेलं, असं काही फिल्मी घडलं नाही. सगळे जेवले आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपराला बसले. पण नवीन सत्र सुरू झाल्यावर हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये दर शनिवारी रात्री त्यांच्या पुस्तकांतलं थोडं थोडं वाचायचं ठरलं. सुरुवात ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राने केली. तिसऱ्या शनिवारी फर्स्ट इयरच्या एका पोराने मध्येच विचारलं, “दादा, हे हॉइल हॉइल कोण होय? घडीघडी येऊन राहिलेत!”

“नारळीकर सरांचे गाइड,” मी म्हणालो.

गाइड म्हणजे प्रोजेक्टच्या फाइलवर सही करणारा माणूस, एवढीच आपली कल्पना! म्हणून उत्तर बरोबर असूनही अपुरं वाटलं. त्या रात्री हॉइल यांच्याविषयी वाचायला बसलो आणि चकितच झालो. केंब्रिजच्या या खगोलशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये बीबीसीसाठी चक्क एक विज्ञानकथा-मालिका लिहिली होती. त्या मालिकेचा धागा ओढला तर दुसरी मालिका निघाली, दुसरीतून तिसरी. ब्रिटिश टीव्हीवरच्या जुन्या विज्ञानमालिका म्हणजे वेगवेगळे खांब नव्हेतच. ती एकाच वाड्यातली माणसं आहेत, कुणी या खोलीत तर कुणी त्या खोलीत. आणि त्या वाड्याचं एक दार आपल्या मराठी विज्ञानकथेच्या अंगणात उघडतं.

हा लेख म्हणजे त्या वाड्याचा नकाशा आहे. परीक्षेला येणार नाही, त्यामुळे निर्धास्त वाचा.

१) सगळं लाइव्ह!

सुरुवात होते १९५३ पासून. १८ जुलै ते २२ ऑगस्ट १९५३ या काळात बीबीसीने ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची मालिका दाखवली. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए. तीन अंतराळवीर रॉकेटमधून जातात, परत येतो एकच, आणि तोही हळूहळू माणूस राहत नाही. अशी ही गोष्ट. शास्त्रज्ञ नायकाचं ‘क्वाटरमास’ हे आडनाव नील यांनी लंडनच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं आणि ‘बर्नार्ड’ हे नाव रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेल यांच्यावरून घेतलं. हे लव्हेल म्हणजे जॉड्रेल बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारणारे. त्यांचं नाव लक्षात ठेवा, रेडिओ दुर्बीण पुढे पुन्हा येणार आहे.

ही मालिका लाइव्ह होती. कलाकार स्टुडिओत उभे राहून काम करत आणि त्याच क्षणी घराघरांत ते दिसे. रिटेक नाही, एडिटिंग नाही. आपल्या भागातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या हंगामात झाडीपट्टीत रात्रभर चालणारी नाटकं आपण पाहतोच. माइक बंद पडला, पडदा अडकला, नट वाक्य विसरला, तरी नाटक थांबत नाही. बीबीसीचे लोक त्या काळी झाडीपट्टीसारखंच काम करत होते, फक्त समोर प्रेक्षकांऐवजी कॅमेरे होते.

शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या चर्चमध्ये एक राक्षसी वनस्पती पसरलेली दाखवायची होती. पैसे नव्हते. मग नील आणि त्यांची होणारी पत्नी ज्युडिथ कर यांनी हातमोज्यांना पालापाचोळा चिकटवून राक्षस बनवला. अ‍ॅबेचा मोठा केलेला फोटो घेतला, त्याला भोकं पाडली आणि त्यातून नील यांनी स्वतःचे हात घालून हलवले. झाला राक्षस! देश घाबरून बसला.

पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९५४ रोजी, याच जोडीने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीवरचं नाटक सादर केलं. नायक होता पीटर कुशिंग. त्यातली छळाची दृश्यं पाहून इतका गदारोळ झाला की प्रश्न थेट ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. कुशिंग पुढे १९६५ आणि १९६६ च्या दोन चित्रपटांत डॉक्टर हू झाला. म्हणजे पहिला दुवा जुळला.

क्वाटरमासची तिसरी मालिका, ‘क्वाटरमास अँड द पिट’, डिसेंबर १९५८ ते जानेवारी १९५९ मध्ये आली. लंडनमध्ये इमारतीचा पाया खणताना लाखो वर्षांपूर्वीच्या कवट्या सापडतात, आणि त्यांच्याशेजारी एक यान. खणता खणता पुरातन यंत्र हाती लागणं, हे बीजसुद्धा लक्षात ठेवा.

२) शास्त्रज्ञ लेखक होतो तेव्हा

आता हॉइल. फ्रेड हॉइल यांचा जन्म १९१५ चा, यॉर्कशायरचा. ताऱ्यांच्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ही मूलद्रव्यं कशी तयार होतात, हे सांगणाऱ्या १९५७ च्या प्रसिद्ध शोधनिबंधाचे ते एक लेखक. ‘बिग बँग’ हा शब्दही त्यांचाच, १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात वापरलेला. गंमत म्हणजे हा सिद्धांत त्यांना मान्य नव्हता! विश्वाला सुरुवात नाही, ते स्थिर स्थितीत आहे, असं त्यांचं मत होतं. १९५७ मध्येच त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञानकादंबरी आली. त्याच वर्षी बनारस हिंदू विद्यापीठातून पदवी घेतलेला, कोल्हापूरला जन्मलेला एक १९ वर्षांचा मुलगा केंब्रिजला दाखल झाला. तो म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. पुढे हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली आणि १९६४ मध्ये हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांताने जगभर मथळे मिळवले.

नारळीकर केंब्रिजमध्ये शिकत असतानाच, ३ ऑक्टोबर १९६१ पासून, बीबीसीवर ‘अ फॉर अँड्रोमीडा’ सुरू झाली. लेखक फ्रेड हॉइल आणि जॉन इलियट, एकूण सात भाग.

कथानक असं. यॉर्कशायरमधल्या नव्या रेडिओ दुर्बिणीला अँड्रोमीडाच्या दिशेने संदेश येतो. जॉन फ्लेमिंग हा तरुण शास्त्रज्ञ तो उलगडतो. संदेशात निरोप-बिरोप काही नसतो. त्यात असतो एका संगणकाचा आराखडा आणि त्याला चालवायचा प्रोग्राम! माणसं तो संगणक बांधतात. मग तो संगणक माणसांकडून एक जिवंत स्त्री घडवून घेतो. फ्लेमिंगच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. ज्याने आराखडा पाठवला, त्याला आपलं भलं करायचं आहे की आपला ताबा घ्यायचा आहे? सरकार आणि लष्कराला मात्र त्या यंत्रातून मिळणाऱ्या ताकदीशीच मतलब. त्या स्त्रीची भूमिका करणारी ज्युली ख्रिस्ती तेव्हा अगदी नवखी होती. जन्म आसाममधल्या चहामळ्यातला. पुढे तिला ऑस्कर मिळालं. १९६२ मध्ये ‘द अँड्रोमीडा ब्रेकथ्रू’ हा पुढचा भाग आला, तेव्हा तिच्या जागी सुझन हॅम्पशायर होती.

ही कल्पना १९६१ मधली आहे, हे विसरू नका. परग्रहावरच्या रेडिओ संदेशांचा शोध घेता येईल, असं सांगणारा कोकोनी आणि मॉरिसन यांचा निबंध १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि १९६० मध्ये अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी प्रत्यक्ष ऐकायला सुरुवात केली. म्हणजे प्रयोगशाळेतली चर्चा वर्षा-दोन वर्षांत टीव्हीवर, तीही खुद्द शास्त्रज्ञाच्या लेखणीतून! आणि रेडिओ दुर्बिणीचं म्हणाल तर आज आपल्याच राज्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश असलेली जीएमआरटी उभी आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सामान्य लोकांनाही प्रवेश असतो. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या यादीत दरवर्षी तेच ते कारखाने टाकण्यापेक्षा एकदा तिकडे जायला काय हरकत आहे?

३) अँड्रोमीडा ते वामन

आता मराठी अंगण. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की ना. वि. ज. म्हणजे उलटे केलेले ज. वि. ना.! नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये म्हणून नारळीकरांनी केलेली ही युक्ती. तिथून ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ अशी रांगच लागली.

‘वामन परत न आला’ आम्ही कॉमन रूममध्ये चार शनिवार वाचली. एका प्रयोगासाठी जमिनीत खोल खणताना एक पेटी सापडते. ती एका लयाला गेलेल्या, अतिप्रगत संस्कृतीची. आतल्या माहितीचा उलगडा करून शास्त्रज्ञ वामन हा यंत्रमानव घडवतात. पण वामनाला स्वतःसारखे आणखी वामन हवे असतात. ती जुनी संस्कृती नेमकी कशाने बुडाली, हे मग ध्यानात येऊ लागतं.

बघा, दोन्ही बीजं इथे आहेत. खड्ड्यातून निघालेलं पुरातन यंत्र क्वाटरमासमध्ये होतं. उपयोगी वाटणारा पण मालकाचा मालक होऊ बघणारा आराखडा हॉइलच्या अँड्रोमीडात होता. याला नक्कल म्हणू नये. बीज तेच असलं तरी माती बदलली की रोप बदलतं. हॉइलच्या कथेत भीती परक्याची आहे, शीतयुद्धाच्या काळातली. नारळीकरांनी तिला बळी आणि वामनाच्या कथेची जोड दिली. तीन पावलं जमीन मागणारा बटू दारात आला तेव्हा दान देणाऱ्या बळीला आपण काय देतो आहोत हे कळलं नाही. त्याच्या गुरूला, शुक्राचार्यांना, कळलं होतं. बळीने ऐकलं नाही. इंग्लंडच्या गोष्टीत हा अर्थ आणता आला नसता.

आज संगणकाकडून निबंध, कोड आणि सेमिनारचे पीपीटी करून घेणाऱ्या आपल्या पिढीने ही दोन्ही कथानकं शेजारी ठेवून वाचावीत.

४) निळी पेटी

१९६३ च्या आरंभी सिडनी न्यूमन हे कॅनडाचे गृहस्थ बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले. त्याआधी खासगी वाहिनीवर त्यांनी ‘पाथफाइंडर्स इन स्पेस’ ही मुलांची अंतराळमालिका (१९६०) आणि ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (१९६१) काढल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावी अशी काळप्रवासाची मालिका त्यांना हवी होती. त्यांनी निर्माती नेमली २७ वर्षांची व्हेरिटी लॅम्बर्ट. आणि दिग्दर्शक? २४ वर्षांचा वारिस हुसेन! जन्म लखनौचा, बालपणाची काही वर्षं मुंबईत, १९४६ मध्ये आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेलेला. बीबीसीच्या त्या काळच्या गोऱ्या पुरुषी वातावरणात एक तरुण बाई आणि एक तरुण हिंदी माणूस. या दोघांच्या हाती दिलेली मालिका टिकेल असं फार कुणाला वाटत नव्हतं. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ सुरू झाली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचं लक्ष तिकडेच होतं, म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

डॉक्टरचं यान म्हणजे बाहेरून निळी पोलीस टेलिफोन पेटी, आतून भलंमोठं. कथेतलं कारण असं की यानाची रूप बदलण्याची यंत्रणा बिघडली आहे. खरं कारण असं की दर आठवड्याला नवं यान बांधायला पैसे नव्हते! इंजिनिअरिंगमध्ये यालाच ‘कन्स्ट्रेंट’ म्हणतात, आणि चांगला डिझायनर कन्स्ट्रेंटलाच फीचर बनवतो.

आता मला सगळ्यात आवडलेला दुवा. १९५० च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत केंब्रिजमध्ये कोण कोण होतं? प्राध्यापक हॉइल होते. गणित शिकणारे नारळीकर होते. इंग्रजी साहित्य शिकणारा वारिस हुसेन होता. आणि गणित-संगीत शिकणारी डेलिया डर्बीशायर होती. नारळीकर आणि हुसेन दोघांचाही जन्म १९३८ चा. हे सगळे एका टेबलावर चहा पीत होते असं मी म्हणत नाही. पण सायकलने टोकापासून टोकापर्यंत जाता येईल अशा गावात, त्याच काळात, ही माणसं वावरत होती. एक पुढे मराठी विज्ञानकथेचा आधारस्तंभ झाला, एकाने डॉक्टर हूचं पहिलं पाऊल टाकलं आणि एकीने त्याला आवाज दिला.

५) टेप, कात्री आणि गणित (करून पाहा!)

या डेलिया डर्बीशायरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ती आपल्या ब्रँचची आहे असं मला वाटतं. एका रेकॉर्डिंग कंपनीने तिला सांगितलं होतं की स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही. ती बीबीसीत गेली आणि पुढे ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’मध्ये. हे वर्कशॉप १९५८ मध्ये सुरू झालेलं, आणि ‘क्वाटरमास अँड द पिट’चे भयानक आवाज हे त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. म्हणजे पुन्हा दुवा!

रॉन ग्रेनर यांनी डॉक्टर हूची धून कागदावर लिहून दिली. सिंथेसायझर बाजारात नव्हता. डेलियाने एक ताणलेली तार छेडून आवाज टेपवर घेतला, काही सूर ऑसिलेटरवरून घेतले, टेपचा वेग बदलून हवे ते स्वर काढले, मग प्रत्येक स्वराचा टेपचा तुकडा सेंटिमीटर मोजून कापला आणि जोडला. संपूर्ण धून अशी चिकटवून तयार झाली. यान सुरू होण्याचा घरघराट ब्रायन हॉजसन याने पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून काढला. ग्रेनर यांनी मानधनात डेलियाला वाटा देऊ केला, पण बीबीसीच्या नियमात ते बसेना. पडद्यावर तिचं नाव आलं थेट २०१३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर १२ वर्षांनी.

करून पाहा १: मोबाइलवर कुठल्याही ताणलेल्या तारेचा ‘टण्ण’ रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग दुप्पट केला की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो. वेग १.०५९ पट केला की अर्धा स्वर चढतो, कारण दोनचं बारावं मूळ तेवढं आहे. बारा तुकडे करा, जोडा, धून बनवा. कम्युनिकेशनच्या लॅबमध्ये जे शिकत नाही ते दोन तासांत कळतं.

करून पाहा २: मालिकेच्या सुरुवातीचे ते वाहणारे, उमलणारे आकार कसे आले? कॅमेरा स्वतःच्याच मॉनिटरकडे रोखला! गॅदरिंगमध्ये माइक स्पीकरसमोर गेला की ‘कुंईं’ आवाज होतो ना, तोच पॉझिटिव्ह फीडबॅक, पण चित्रात. वेबकॅम प्रोजेक्टरच्या पडद्याकडे वळवा, किंचित तिरका करा, मध्ये टॉर्च हलवा. बर्नार्ड लॉज यांनी १९६३ मध्ये जे केलं ते सेमिनार हॉलच्या भिंतीवर दिसेल. (प्रोजेक्टर घेण्याआधी सरांची परवानगी घ्या!)

६) कोण कुठून कुठे गेलं

आता बाकीचे धागे भराभर.

• टेरी नेशन: डिसेंबर १९६३ मध्ये डॉक्टर हूमध्ये ‘डॅलेक’ आणले. न्यूमन यांना राक्षस नको होते, पण डॅलेकमुळेच मालिका तरली. नेशननेच पुढे ‘सर्व्हायव्हर्स’ (१९७५) आणि ‘ब्लेक्स सेव्हन’ (१९७८ ते १९८१) या मालिका निर्माण केल्या. डॅलेकचं प्रत्यक्ष रूप मात्र रे क्युसिक या पगारी डिझायनरने काढलं होतं. खेळणी, कॉमिक्स, सिनेमा यांतून नेशन श्रीमंत झाला. क्युसिकच्या वाट्याला जेमतेम १०० पौंडांचा बोनस आला. प्रोजेक्टच्या पेटंटबद्दल बेफिकीर असणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

• डेव्हिड मॅलनी: डॅलेकचा उगम सांगणारी १९७५ ची गाजलेली कथा यांनी दिग्दर्शित केली आणि तेच पुढे ‘ब्लेक्स सेव्हन’चे निर्माते झाले. पटकथा-संपादक ख्रिस बाउचर आणि संगीतकार डडली सिम्प्सन हेही तिकडूनच आले.

• माल्कम हल्क: न्यूमन यांच्या ‘पाथफाइंडर्स’चे एक लेखक. पुढे डॉक्टर हूसाठी त्यांनी माणसाच्या आधी पृथ्वीवर राहणाऱ्या प्राण्यांची कथा लिहिली (१९७०). त्यात प्रश्न होता, जमीन नेमकी कुणाची?

• मायकेल हेज: हॉइल यांच्या अँड्रोमीडाचे एक निर्माते-दिग्दर्शक. १९७९ मध्ये यांनीच डॉक्टर हूची ‘सिटी ऑफ डेथ’ ही पॅरिसमध्ये चित्रित झालेली कथा दिग्दर्शित केली. तिचे एक लेखक होते डग्लस अ‍ॅडम्स, ‘हिचहायकर्स गाइड’वाले. अ‍ॅडम्स केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे, आणि हॉइलही त्याच कॉलेजचे फेलो!

• ब्रायन जॉन्सन: गेरी अँडरसन यांच्या ‘थंडरबर्ड्स’ (१९६५) या कठपुतळ्यांच्या मालिकेत मॉडेलं उडवणारा माणूस. पुढे ‘स्पेस: १९९९’ (१९७५) चे स्पेशल इफेक्ट्स त्याचे, आणि ‘एलियन’ चित्रपटासाठी ऑस्करमध्ये वाटा.

• नायजेल नील: यांना डॉक्टर हूसाठी लिहायला विचारलं होतं. त्यांनी नकार दिला, त्यांना ती मालिका आवडत नसे. तरी १९८८ च्या एका डॉक्टर हू कथेत क्वाटरमासच्या रॉकेट संस्थेचा हळूच उल्लेख आलाच. दुवे असे असतात. नाही म्हणणाऱ्यालाही घरात ओढून आणतात.

• किट पेडलर: लंडन विद्यापीठात डोळ्यांवर संशोधन करणारे वैद्यकीय संशोधक. माणसाचा एकेक अवयव बदलत गेलं तर माणूस किती उरतो, या भीतीतून त्यांनी जेरी डेव्हिस यांच्याबरोबर ‘सायबरमेन’ (१९६६) निर्माण केले. पुढे दोघांनी मिळून ‘डूमवॉच’ (१९७० ते १९७२) ही मालिका काढली. तिच्यात परग्रहवासी नाहीतच. प्लास्टिक, विषारी कचरा, निष्काळजी प्रयोग हेच शत्रू, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी शास्त्रज्ञांची तुकडी.

डूमवॉचवर मी थांबलो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. या गावात शिकणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने ती तारीख लक्षात ठेवायला हवी. वायरिंग, लोड, अलार्म, अर्थिंग हे आपल्यासाठी जर्नलमधले शब्द असतात. ‘हे बांधता येईल का’ या प्रश्नाबरोबर ‘हे बिघडलं तर कोण मरेल’ हा प्रश्न विचारायला सायबरमेन लागत नाहीत.

७) पुसलेल्या टेप

शेवटी जे सांगायचं आहे ते आता.

‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’चे सहा भाग झाले, आज आहेत फक्त पहिले दोन. लाइव्ह कार्यक्रम साठवायचा तर मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा ठेवून चित्र घ्यायचे. दुसऱ्या भागात त्या पडद्यावर एक किडा येऊन बसला, तो आजही दिसतो! पुढचे भाग साठवलेच नाहीत. ‘अ फॉर अँड्रोमीडा’ही जवळपास सगळी गेली. २००० च्या दशकात तिचा सहावा भाग सापडला तेव्हा मोठा आनंद झाला. वारिस हुसेनने दिग्दर्शित केलेली ‘मार्को पोलो’ (१९६४) ही सात भागांची कथा पूर्ण नाहीशी आहे. डॉक्टर हूचे असे हरवलेले भाग नव्वदहून अधिक आहेत. आगीत गेले? नाही. बीबीसीनेच पुसले. व्हिडिओ टेप महाग, त्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येत असे, आणि ‘जुना कार्यक्रम पुन्हा कोण बघणार’ असं कार्यालयाला वाटत होतं.

वाचताना मला राग आला. आणि मग लाज वाटली, कारण मीही तेच केलं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या हॉस्टेल गॅदरिंगमध्ये आपल्या मेसमधल्या मावशी स्टेजवर आल्या होत्या. पोरांनी आग्रह केला म्हणून पदर खोचून त्यांनी दंडारीतलं एक गाणं म्हटलं, लहानपणी बापाकडून ऐकलेलं. शेवटी रेक्टर सरसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. शूटिंग माझ्याकडे होतं. पुढच्या महिन्यात टेक-फेस्टसाठी कार्ड हवं होतं. मी फॉरमॅट मारला. कॉपी घेतली आहे असं मला वाटलं, घेतलेली नव्हती. “जाऊ दे बे, पुढच्या वर्षी पुन्हा म्हणतील मावशी,” मित्र म्हणाला.

त्या दिवाळीत मावशींना लकव्याचा झटका आला. आता त्या हळूहळू बोलतात, पण गाणं होत नाही. त्यांचा मुलगा हॉस्टेलवर आला आणि म्हणाला, “भाऊ, आईच्या गाण्याचं व्हिडिओ देता का?” मी काय सांगणार होतो?

डॉक्टर हूच्या हरवलेल्या भागांची एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. त्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. कारण १९६० च्या दशकात काही शाळकरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मालिका ध्वनिमुद्रित करत होती. संस्थेने पुसलं ते पोरांनी जपलं.

ते वाचून मी हॉस्टेलच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तिसऱ्या दिवशी सेकंड इयरच्या एका पोराच्या जुन्या मोबाइलमध्ये दोन मिनिटांचं ऑडिओ सापडलं. सुरुवात कापलेली, मध्ये शिट्ट्या, कुणीतरी जोरात खोकतंय. पण आवाज मावशींचा. ते घेऊन आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. मावशींनी ते ऐकलं, पुन्हा लाव म्हणून हाताने खूण केली. पाच वेळा लावलं.

त्यानंतर कॉमन रूममध्ये एक हार्ड डिस्क आणि एक रजिस्टर ठेवलं आहे. गॅदरिंग, प्रोजेक्टचे डेमो, कविता, मंडईतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग, जे काही असेल ते तारीख-वार टाकून त्यात जमा करायचं आणि दुसरी कॉपी लायब्ररीत. कार्ड फॉरमॅट करण्याआधी रजिस्टरवर दोघांच्या सह्या लागतात. एक सही माझी होती, आता मी जातोय. ज्युनिअर्सपैकी कुणीतरी ती जागा घ्यावी, एवढ्यासाठी हा सगळा प्रपंच.

नारळीकर सरांच्या पुस्तकात हॉइल घडीघडी येतात, कारण सरांनी ते लिहून ठेवलं. लिहिलं नसतं तर त्या फर्स्ट इयरच्या पोराने मला प्रश्न विचारला नसता आणि हा लेखही झाला नसता. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा सगळ्यांसाठी खुली असते, टोपणनावही चालतं हे आपण वर पाहिलंच आहे. तेव्हा लिहा, बनवा, रेकॉर्ड करा. आणि मित्रांनो, फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी एकदा कुणाला तरी विचारा.